बाबा नोकरी पाहायला निघाले

मला राग लवकर येतो. आता दात गेले, गुडघे गेले, पण राग काही गेला नाही. अठराव्या वर्षी तर तो नाकाच्या शेंड्यावर बसलेलाच असायचा, आणि अशा मुलीला जिल्हा परिषदेनं दुसरीच्या साठ पोरांपुढं मास्तरीण म्हणून उभं केलं होतं. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बुलढाण्याहून देऊळघाटच्या वाटेवरचं आमचं गाव, आणि गावात सातवी फायनल पास झालेली मुलगी मी एकटीच. शाळेला बाई पाहिजे होती, मी घरी रिकामी होते, झालं काम.

पोरांना मी फार आवडायची. का, तर मला चिडवता यायचं म्हणून. फळ्याकडं तोंड केलं की मागून कोणीतरी बोकडासारखं ओरडायचं. मी छडी घेऊन धावायची, पोरं सतरंजीवरून चारी दिशांना पळायची, एखादं तर खिडकीतूनच बाहेर. या सगळ्यात पाढे राहून जायचे. संध्याकाळी घरी आले की घसा बसलेला आणि डोकं तापलेलं. काही जणींच्या हातात पोरं लोण्यासारखी असतात, मी पाहिल्यात अशा बाया. माझ्या हातात ती शिकेकाईच्या फेसासारखी निसटायची. दोन वर्षं असं काढल्यावर मला कळून चुकलं की हे काम माझं नव्हे.

अशात होळीनंतर कागद आला. ज्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही अशा मास्तर-मास्तरणींनी जूनमध्ये ट्रेनिंगला हजर व्हावं, आणि जाताना लिहून द्यावं की पुढं पाच वर्षं शाळा सोडणार नाही. जो जाणार नाही त्याची नोकरी गेली. पाच वर्षं! मी तो कागद घेऊन तशीच मळ्यात गेले. आमचा भाजीपाल्याचा मळा होता, वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बाबा सदानकदा त्यातच असायचे.

"बाबा, मी आणखी पाच वर्षं बोकडं हाकणार नाही," मी म्हणाले.

मायनं ते ऐकलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. "मंग सोड नं," ती म्हणाली. "सोड अन लगन कर. तुह्या वयाची असताना माह्या मांडीवर दोन होते."

बाबांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्याकडं परत दिला. "हे नाही पटत तं दुसरी नोकरी पाहू," ते म्हणाले. "जूनले टाइम हाये. दुनियेत काय मास्तरकी एकच हाये काय?"

तर असा ठराव झाला. जूनपर्यंत दुसरं काही सापडलं आणि बाबांना ते पटलं, तर मी सुटले. नाही तर ट्रेनिंग, आणि तेही नको तर लग्न. सगळं बाबांच्या पटण्यावर होतं, कारण त्यांच्या सहीशिवाय माझा कोणताच कागद कोणी हातात घेणार नव्हतं. आणि बाबांना काही पटवणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती, हे तुम्हाला सांगते.

आमच्या थोरल्या ताईच्या वेळी त्यांनी चार घरं पाहिली होती. पोराकडं ते बघायचेच नाहीत. आधी पाणी मागायचे आणि तांब्याचं बूड पाहायचे. मग हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जायचे. मग गोठ्यात. बैलाच्या मानेवर जखम दिसली की उठले. "ज्याले बैलाची कीव नाही त्याले बायकोची काय असन," असं म्हणून दोन स्थळं त्यांनी मोडली. बैल घेतानाही तसंच. दात पाहून, शेपूट ओढून समाधान व्हायचं नाही. जुंपून चार तास चालवल्याशिवाय ते इसार द्यायचे नाहीत. व्यापारी वैतागायचे. पण ताई सुखात पडली आणि आमचे बैलही कधी लंगडे निघाले नाहीत, त्यामुळं बाबांचा आपल्या पद्धतीवर फार विश्वास. आता त्याच पद्धतीनं ते नोकरी पाहायला निघाले. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, एका हातात वांग्यांची पिशवी, आणि मागं मी.

पहिली खेप जळगाव जामोदला झाली. तिथं आमची आत्या राहायची आणि तिच्या गल्लीत एक ग्रामसेविका भाड्यानं राहायची. ग्रामसेविका म्हणजे गावोगाव फिरून बायांना स्वच्छता शिकवायची, मुलांच्या लशी, सांडपाण्याचा खड्डा, बिनधुराची चूल, असं सगळं. मला ऐकूनच आवडलं. पोरं नाहीत, पाढे नाहीत, आणखी काय पाहिजे? आम्ही गेलो तेव्हा ती बिचारी नुकतीच सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून पायपीट करून आली होती. बाबांनी वांगी दिली आणि पाणी मागितलं. तांब्या चांगला होता. मग ते हात धुवायला म्हणून मागं गेले, आणि तेवढ्यात तिनं चहासाठी चूल पेटवली. सरकारी, बिनधुराची. बाबा आत येईस्तोवर खोलीत असा धूर झाला की मला ती दिसेना आणि तिला मी. आम्ही तिघंही खोकत अंगणात आलो.

"नळी तुंबली वाटते," ती डोळे पुसत म्हणाली.

"बाई, गावोगाव हेच शिकवतं काय तू?" बाबांनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, ते खरंच विचारत होते. ती हसायला लागली. भली बाई होती. तिनं प्रांजळपणे सांगितलं की काम चांगलं आहे, पण गावात मुक्कामाला जागा मिळत नाही आणि घरमालक ती किती वाजता आली-गेली हे सगळ्या गल्लीला सांगतो. बाबांनी परत येताना मान हलवली. "काम बरं हाये, पण पोरीले दार लावून झोपाले जागा नाही. हे नाही जमत." मी आत्याच्या घरी रुसून बसले. बाबांवर काय परिणाम होणार? त्यांनी आत्याच्या घरची पुरणपोळी खाल्ली आणि ढाराढूर झोपले.

दुसरी खेप शेगावची, आणि ती आठवली की मला अजूनही घाम फुटतो. आमच्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं की टायपिंग शिकलेल्या मुलीला कचेरीत नोकरी लागते, आणि शेगावला स्टेशनच्या रस्त्यावर एक चांगला क्लास आहे. बाबा म्हणाले, चला, दर्शनही होईल. दर्शनाला जायचं म्हणून मायनं मला तिची निळी साडी नेसवली आणि वेणीत अबोलीचा गजरा घातला. आता शेगावला दर्शनाच्या निमित्तानं मुलगी दाखवायची रीत आमच्याकडं घरोघरी आहे. मुलीला त्रास नको, नकार आला तर बभ्रा नको, देवाचं दर्शन तर पदरात पडतंच. ही रीत आम्हा दोघांनाही माहीत होती. पण त्या दिवशी आमच्या डोक्यात टायपिंगशिवाय काहीच नव्हतं, ही आमची चूक.

क्लास म्हणजे घराचीच पुढची खोली होती. तीन मशिनी, आणि एक चष्मेवाला, हडकुळा, पंचविशीतला मास्तर. उन्हामुळं शिकणारं कोणी आलं नव्हतं. बाबांनी वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवली, घाम पुसला आणि सुरुवात केली.

"जागा घरची का भाड्याची?"

"घरची," मास्तर म्हणाला.

"मशिनी तुमच्याच?"

"हो."

"भाऊ किती?"

"एकटाच आहे मी."

बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांचा हिशेब सरळ होता. भाऊ असले तर उद्या वाटणी होणार, मशिनी तीन जणांत जाणार आणि शिकणारी पोरगी अर्ध्यात लोंबकळणार. पण हे त्या मास्तरला कसं कळावं? पुढं बाबांनी विचारलं, काही व्यसन? तब्येत कशी असते? बुलढाण्याकडं कोणी नातलग? मास्तरचे कान लाल होत चालले. तेवढ्यात आतून त्याची आई आली. तिनं माझ्याकडं एक नजर टाकली, गजऱ्याकडं टाकली, वांग्यांच्या पिशवीकडं टाकली, आणि लगबगीनं आत जाऊन पोहे घेऊन आली.

मग तिनं मला जवळ बसवून परीक्षा घ्यायला सुरुवात केली. दोन ओळी लिहून दाखव म्हणाली, मी झोकात लिहून दाखवल्या. बोटं पाहू म्हणाली, मी दहाही बोटं पसरली. मनात म्हटलं, बरोबर आहे, बोटांचंच तर काम! मग तिनं सुई-दोरा आणला. नजर तपासतात वाटतं, असं मला वाटलं. मी एका फटक्यात ओवून दिला. जरा त्या दारापर्यंत चालून दाखव, म्हणाली. हे काही मला समजलं नाही, पण म्हटलं शेगावचा क्लास आहे, कडक असणार. मी शाळेतल्या कवायतीसारखी ताठ चालून दाखवली. बाबा कौतुकानं पाहत होते.

"सैपाक येते काय?" तिनं विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?" मी म्हणाले.

ती खुश झाली. "पोरगी तोंडाची हाये," ती मुलाला म्हणाली, "पन खोटी नाही." आणि आत जाऊन कुंकवाची कुयरी, खण आणि नारळ असं ताट घेऊन आली.

ताट पाहिल्यावर बाबांच्या हातातला पोह्याचा घास तसाच राहिला. मी तर दगडच झाले. "अजी बाई," बाबा कसेबसे म्हणाले, "आमी मशिनी पाह्याले आलो होतो."

"मशिनी?" ती माउली म्हणाली. "मंग भाऊ किती हायेत ते काऊन इचारलं?"

मास्तरनं मान खाली घातली आणि समोरच्या मशिनीवर धडाधड टाइप करायला लागला. मशिनीत कागदच नव्हता.

आम्ही तिथून कसे निघालो ते विचारू नका. एस.टी.त मी बाबांकडं पाठ करून बसले. खामगाव आलं तरी बोलले नाही. खामगावला बाबांनी मला उसाचा रस आणून दिला आणि हळूच म्हणाले, "पोरगा वाईट नव्हता हो." मी रसाचा गिलास खिडकीतून फेकणार होते, पण उकाडा फार होता म्हणून पिऊन टाकला.

पण ते प्रकरण तिथं मिटलं नाही. आठ दिवसांनी त्या बाईनं एका नातलगाकडून निरोपच धाडला की मुलगी पसंत आहे, तुम्ही हो म्हणा. मायला स्वर्ग दोन बोटं उरला. आयतं चालून आलेलं स्थळ, घरची जागा, एकटा मुलगा, आणि हे सगळं बाबांनी स्वतःच्या तोंडानं विचारून पक्कं केलेलं! "मिरगाच्या आत बार उडवून टाकू," असं ती येता-जाता म्हणू लागली. मी भांडी आपटायची, ती मोठ्यानं आपटायची. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय.

त्याच आठवड्यात शेजारच्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीनं नाकात तुरीचा दाणा घातला. तिचे आई-बाप शेतात. दाणा फुगत चाललेला, पोरगी निळी-जांभळी होऊन रडणारी. मी तिला काखेत मारली आणि येईल ती गाडी धरून बुलढाण्याचा सरकारी दवाखाना गाठला.

तिथं एक नर्सबाई होती. परभणीकडची, उंचीपुरी, पांढरी साडी, आवाज असा की खालच्या चौकात ऐकू जावा. दाराशी पंधरा-वीस लोकांची गर्दी होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "ज्याला मरायचं असेल त्यानं इथं उभं राहा, बाकीच्यांनी मागं व्हा!" सगळे मुकाट मागं. मी पाहतच राहिले. मी दोन वर्षं घसा फोडला, कोणी ऐकलं नाही. आणि इथं एका ओरडण्यात पंधरा गडी भिंतीला चिकटले. मग ती माझ्याकडं वळली. "डोकं घट्ट धर पोरीचं. हाललं तर तुला मारीन." मी धरलं. तिनं एक वाकड्या तोंडाचं हत्यार घातलं, आणि दाणा टणकन तबकात पडला. पोरगी एकदा शिंकली आणि लगेच हसली.

"तुझा हात थरथरत नाही ग," नर्सबाई मला म्हणाली. "किती शिकलीस?"

"सातवी फायनल."

"मग इथं ये की शिकायला. जूनपासून नवीन मुली घेणार आहेत. दोन वर्षं राहायची-जेवायची सोय." तिनं टेबलाच्या खणातून एक छापील फॉर्म काढला. "मागच्या पानावर बापाची सही आण. इतकंच."

मी घरी आले ती जमिनीवरून चालत नव्हते. अंगात वारं भरलं होतं. अहो, माझा राग जिथं कामाचा आहे अशी जागा जगात होती, आणि ती आमच्यापासून दोन कोसांवर होती! जेवताना मी सगळं सांगितलं. मायनं हातातली भाकरी परातीत टाकली.

"परक्या बाप्यायचं अंग पुसाचं? रातपाळ्या कराच्या? लोकं तोंडात शेण घालतीन आपल्या!" ती बाबांकडं वळली. "अजी, ऐकता काय? शेगाववाल्यायले आजच्या आज हो म्हणून कळवा."

बाबा खाली मान घालून जेवत होते. "पाहू," ते म्हणाले.

"काय पाहू? दवाखाना काय पाह्याची चीज हाये?"

"पाह्यल्याबिगर हो कसं म्हणू अन नाही कसं म्हणू?"

दुसऱ्याच दिवशी ते वांग्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात गेले. पण तिथं त्यांची पद्धत चालेना. भेटीची वेळ दुपारी चारची, आणि दारावरच्या शिपायानं विचारलं, पेशंट कोण? बाबांचा पेशंट कोणी नव्हताच. त्यांनी पाणी मागितलं तर त्यानं रस्त्यावरचा नळ दाखवला. बाबा हात हलवत परत आले. फॉर्म द्यायला सहाच दिवस उरले होते. मी रात्रभर कूस बदलत होते. इकडं माय शेगावला पाठवायच्या निरोपाची जुळवाजुळव करत होती.

सोमवारी बाबा भाजी घेऊन बुलढाण्याला गेले आणि संध्याकाळी परत आलेच नाहीत. मंगळवारी सकाळी बाजारातला एक माणूस सांगत आला, तुमचे बाबा दवाखान्यात आहेत, पोटात भयंकर दुखतंय, भरती करून घेतलं. माय जी ओरडली! तिनं तिथल्या तिथं शेगावला नवस बोलला, घरातले होते नव्हते तेवढे देव पाण्यात ठेवले, आणि आम्ही दोघी धावत-पळत निघालो. वाटेत मला एकच दिसत होतं. बाबांनी माझ्या पायी उन्हात फिरून फिरून दुखणं ओढवून घेतलं. मी मनात म्हटलं, देवा, मी ट्रेनिंगला जाते, शेगावच्या मास्तरशी लगन करते, बोकडं हाकते, काय म्हणशील ते करते, पण यांना बरं कर.

बाबा खाटेवर लाल ब्लँकेट घेऊन पडले होते. मायला पाहताच त्यांनी मोठा कण्हल्याचा आवाज काढला. माय रडत रडत पाणी आणायला गेली, तसा त्यांनी एक डोळा उघडला.

"गप बस," ते मला हळूच म्हणाले. "काही नाही झालं मले. पाहून राह्यलो."

"काय पाहून राह्यले?"

"नोकरी."

मी तोंडावर पदर दाबला. रडू का हसू, काही कळेना. माझ्या जन्मदात्या बापानं खोटं दुखणं घेऊन खाट अडवली होती! आणि त्याची शिक्षाही भोगत होते बिचारे. तीन भाकरी खाणारा माणूस, त्याला डॉक्टरांनी नुसत्या डाळीच्या पाण्यावर ठेवला होता. वर एरंडेल. वर एनिमा. डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन पोट दाबायचे, जीभ पाहायचे आणि चक्रावून जायचे. "काल तुम्ही उजवीकडं दुखतं म्हणालात," ते म्हणाले. "ते फिरून राह्यलं साहेब," बाबा म्हणाले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले आणि सोडून दिलं.

घरी आल्यावर बाबांनी पाच भाकऱ्या आणि अख्खं भरीत खाल्लं. माय संशयानं पाहत होती, पण नवस फळला या आनंदात तिनं फार खोलात चौकशी केली नाही. त्या नवसापायी बाबांना पुढं शेगावला अनवाणी जावं लागलं, आणि ते निमूटपणे गेले. पण दवाखान्याबद्दल ते त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. मी आडून विचारलं, सरळ विचारलं. नुसतं "हूं". फॉर्म द्यायला आता एकच दिवस राहिला होता.

सकाळी मी फॉर्म आणि पेन घेऊन मळ्यात गेले. बाबा वांग्यांना पाणी देत होते. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून दुसऱ्याचं तोंड उघडायचं, असं चाललं होतं. मी बांधावर बसले.

"कशी हाये नोकरी?" मी विचारलं.

"काम जबर हाये," ते म्हणाले. "घाण काम हाये. पायाले बसणं माहीत नाही. तांबे लख्ख हायेत, पोरीयच्या राह्याच्या खोलीले आतून दोन कड्या हायेत, ते म्या एका मावशीले इचारलं." त्यांनी फावड्यानं पुढचा वाफा उघडला. "बाजूच्या दोन खाटायवर दोघं जण होते. ती नर्सबाई पाठमोरी झाली का तिच्याबद्दल घाण बोलत. अन तिनंच त्यायचं भांडं उचलाचं, तिनंच पुसून काढाचं. तिसऱ्या दिवशी मले ऐकवलं नाही. म्या उठून बसलो अन म्हणलं, काऊन बे, तुह्या घरी बहीण नाही काय? तो म्हणते, तुमाले काऊन झोंबलं, तुमची कोण लागते ती?"

"मंग?"

"मंग काय. म्या तोंडावर ब्लँकेट ओढलं. पण तिनं ऐकलं होतं. ते दोघं झोपल्यावर आली अन म्हणे, बाबा, तुमचं पोट तं दुखत नाही, इतके ताठ बसून भांडता, खरं सांगा काऊन आले? म्या सांगून टाकलं. माह्या पोरीसाठी नोकरी पाह्याले आलो म्हणलं. लय हसली. हसता हसता डोळ्याले पाणी आलं तिच्या."

पाणी वाफ्यात चढत होतं. बाबांचं लक्ष नव्हतं.

"म्या इचारलं, बाई, तुह्या बापानं काय पाह्यलं होतं? ती म्हणे, काहीच नाही. कागदावर सही केली त्यायनं, अन त्या दिवसापासून माह्याशी बोलले नाहीत. चार वर्षं झाले. दिवाळीले घरी जाते, मी ओसरीत आली का ते उठून वावरात निघून जातात."

मी मांडीवरचा फॉर्म सरळ केला.

"वाच," बाबा म्हणाले. "त्या कागदावर काय लिह्यलं हाये, जिथं माही सही पाह्यजे तिथं?"

मी मागचं पान उघडून वाचलं. "माझ्या मुलीने सदर प्रशिक्षण घेण्यास माझी काही हरकत नाही."

"खोड ते."

मी कागद छातीशी धरला. "बाबा..."

"खोड म्हणलं नं!"

मी खोडलं. इतक्या संतापानं खोडलं की पेनानं कागद फाटता फाटता राहिला. डोळ्यांपुढं ते शेगावचं ताट, तो खण-नारळ, सगळं येऊन उभं राहिलं. वाफा भरून पाणी वाटेवर वाहू लागलं होतं, आणि बाबा फावडं टेकून तसेच उभे.

"हेच तिच्या बापानंबी लिहून देलं होतं. हरकत नाही," ते म्हणाले. "मले तसं लिहून द्याचं नाही. आता खाली लिही, मी सांगतो. माह्या पोरीनं नर्स व्हावं अशी माही इच्छा हाये." मी लिहू लागले. अक्षरं दिसेनात. "लिह्यलं? पुढं लिही. लोकं काही बोलोत, मी तिच्याशी बोलत जाईन."

मी नाक पुसलं. "बाबा, फॉर्मात असं कोणी लिहीत नसते. सायबाले काय करायचं हाये त्याचं?"

"सायबासाठी नाही हो ते," बाबा म्हणाले. "ते तुह्यासाठी हाये. लिही."